परवाना तिकडचा, पैसा इकडचा

२०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आली. सणाच्या आधीचा आठवडा म्हणजे ठाण्यातल्या खोपट एसटी स्थानकावर कोकणाकडे निघालेल्या चाकरमान्यांची रीघ. जादा गाड्या, मखराचे सामान, पेंगुळलेली पोरे आणि हातात मोबाइल. गावी पोहोचल्यावर आरत्या, भजने आणि रात्रीच्या जागरणाला पत्त्यांचे डाव, हा क्रम कोकणातल्या घरांना नवा नाही. अलीकडे मात्र डावाला गावाची वाट पाहावी लागत नव्हती. गाडी लागेपर्यंतच्या अर्ध्या तासात, बाकावर बसल्या बसल्या, इंदूरच्या नाहीतर कोलकात्याच्या अनोळखी माणसाशी पैसे लावून रमी किंवा पोकर खेळता येत होता.

नेमक्या त्याच सुमारास दिल्लीत ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक संसदेत आले. २० ऑगस्टला लोकसभेने, २१ला राज्यसभेने ते मंजूर केले आणि २२ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना भेद या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्याच्या कक्षेत आला. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. बँकांनी त्यासाठी पैसे फिरवायचे नाहीत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ड्रीम११, एमपीएल, पोकरबाझी अशा कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे खेळ थांबवले. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा अंदाज सरकारने मांडला.

बंदी योग्य की अयोग्य, यावर बरेच बोलले गेले. एक प्रश्न मात्र मागे राहिला, आणि ठाण्या-डोंबिवलीसारख्या शहरांच्या दृष्टीने मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. राज्यघटनेने सट्टा आणि जुगार हा विषय राज्यांच्या यादीत ठेवला आहे. मग ठाण्यातला माणूस वर्षानुवर्षे ज्या टेबलावर दुसऱ्या राज्यातल्या माणसांबरोबर बसत होता, ते टेबल कोणत्या राज्याच्या कायद्याखाली मांडलेले होते? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ऑनलाइन रमीवर किंवा पोकरवर कधी कायदा केला नाही. जुलै २०२५मध्ये विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो नाकारला, पुढे त्यांचे खाते बदलले. तेव्हाही सारी चर्चा एका मंत्र्याच्या वर्तनाभोवती फिरली. खेळ चालतो कोणाच्या परवानगीने, हे त्या सभागृहाने विचारले नाही.

डावाला गडी लागतात

अनेक राज्यांतले खेळाडू एका टेबलावर आणायची गरज का पडते, हे कल्याणहून सुटणाऱ्या लोकलच्या प्रवाशांना समजावून सांगावे लागणार नाही. ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या खिडकीशी, मांडीवर बॅग आडवी टाकून पत्ते कुटणारे टोळके असते. त्यातले दोघे रजेवर गेले की त्या दिवशी डाव नाही. ऑनलाइन पोकरचे गणित हेच आहे, फक्त आकडे मोठे आहेत.

पोकरच्या सर्वांत लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला २ पाने मिळतात आणि ५ पाने टेबलावर सगळ्यांसाठी उघडी होतात. पाने उघडत जातात तशी बोली वाढते. खेळ खेळाडूंचा आपसात असतो, कंपनी त्यात उतरत नाही. जमलेल्या रकमेतून ती आपला छोटा हिस्सा काढून घेते. त्याला रेक म्हणतात. त्यामुळे कंपनीची सारी कमाई टेबले भरलेली असण्यावर अवलंबून. पहाटे ३ वाजता ५ रुपयांच्या बोलीवर खेळू पाहणाऱ्याला तेवढ्याच बोलीचे आणखी पाच जण त्या घडीला मिळायला हवेत. ते मिळाले नाहीत तर तो निघून जातो, किंवा मोठ्या बोलीच्या टेबलावर जाऊन बसतो आणि तिथे मुरलेला खेळाडू त्याचा खिसा तासाभरात रिकामा करतो. नवखे गेले की मुरलेले एकमेकांसमोर उरतात, मग तेही जातात. खेळाडूंचा पट लहान असला की टेबल असे आतूनच मरते. पट मोठा असला की नवख्याला नवखा भेटतो आणि स्पर्धांची बक्षिसे फुगतात. त्या फुगलेल्या बक्षिसांकडे आणखी लोक ओढले जातात, हा त्याच गोष्टीचा धोका. मोठा पट खेळ टिकवतो आणि व्यसनही टिकवतो. म्हणूनच तो कोणी जोडायचा आणि कोणत्या अटींवर, हा सरकारांचा विषय होतो.

नेवाडा आणि डेलावेअर

अमेरिकेत १५ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय न्यायखात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या तीन बड्या संकेतस्थळांवर कारवाई केली. पोकरच्या जगात तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. कारवाईनंतर उघड झाले की फुल टिल्टने खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या राखलेल्याच नव्हत्या. लोकांचे पैसे अडकले, आणि अमेरिकी खेळाडूंना ते परत मिळायला सुरुवात व्हायला २०१४ उजाडले. त्याच २०११च्या डिसेंबरमध्ये न्यायखात्याने आपले मत जाहीर केले की १९६१चा वायर कायदा फक्त खेळांवरच्या सट्ट्याला लागू आहे. राज्यांना वाट मोकळी झाली. २०१३मध्ये नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या तीन राज्यांनी आपापल्या हद्दीत कायदेशीर ऑनलाइन पोकर सुरू केला.

अडचण लगेच लक्षात आली. २०१०च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या ९ लाखांच्या आत होती आणि नेवाडाची सुमारे २७ लाख. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि ठाणे महापालिकेची १८ लाख ४१ हजार होती. म्हणजे एकटे कल्याण-डोंबिवली डेलावेअरपेक्षा मोठे, आणि ठाणे जोडले तर नेवाडापेक्षा मोठे. एवढ्याशा वस्तीत रात्रंदिवस टेबले भरणार कशी? नेवाडात एप्रिल २०१३मध्ये सगळ्यांत आधी सुरू झालेले अल्टिमेट पोकर हे संकेतस्थळ नोव्हेंबर २०१४मध्ये बंद पडले.

फेब्रुवारी २०१४मध्ये नेवाडाचे गव्हर्नर ब्रायन सँडोव्हाल आणि डेलावेअरचे गव्हर्नर जॅक मार्केल यांनी करार केला. दोन्ही राज्यांतल्या खेळाडूंनी एका टेबलावर बसायचे, आणि पुढे येऊ पाहणाऱ्या राज्यांसाठी दार उघडे ठेवायचे. मार्च २०१५मध्ये दोन राज्यांचा पट प्रत्यक्ष जोडला गेला. न्यू जर्सी ऑक्टोबर २०१७मध्ये करारात आले आणि मे २०१८पासून तिथले खेळाडू त्याच टेबलांवर बसू लागले. २०२२मध्ये मिशिगन, २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया आणि एप्रिल २०२५मध्ये १ कोटी ३० लाख वस्तीचे पेनसिल्व्हेनिया सामील झाले.

या कराराची रचना साधी आहे, आणि माझ्या मते आपल्या कामाचे जे काही आहे ते तिच्यातच आहे. खेळाडू त्या क्षणी ज्या राज्याच्या हद्दीत बसला आहे, त्या राज्याचा कायदा त्याला लागू. तो खरोखर तिथेच आहे ना, याची तपासणी त्याच्या उपकरणाच्या ठिकाणावरून. त्याच्याकडून निघालेल्या रेकवरचा कर त्याच राज्याच्या तिजोरीत. आणि आपली माणसे सामाईक टेबलावर बसतील की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या राज्याच्या कायदेमंडळाचा आणि गव्हर्नरांचा. ज्या राज्याने मान्यता दिली नाही, तिथल्या माणसाला टेबल दिसत नाही. लॉटरीत त्यांनी हेच आधी केले होते. १९८७मध्ये सहा लहान-मोठी राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांनी मिळून बहुराज्यीय लॉटरी संघटना काढली, त्यातून १९९२मध्ये पॉवरबॉल आले. युरोपात जुलै २०१७मध्ये फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि इटली यांनी रोममध्ये पोकरसाठी असाच करार केला. इटलीने पुढे पाऊल टाकले नाही, बाकी तिघांचे टेबल २०१८मध्ये एक झाले. इटलीतल्या खेळाडूला कोणी मागच्या दाराने आत घेतले नाही. संमती नव्हती, विषय संपला.

मुंबई राज्याचा पहिला धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी पडला होता. १९५०च्या आसपास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे वेड होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी म्हैसूर राज्यात, बंगलोरला होती. ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून ती कोडी छापायची. अंक बंगलोरला छापला जायचा, पण मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर वाचला जायचा. मुंबईकर कूपन भरायचे आणि मुंबईतल्याच संकलन केंद्रांवर प्रवेश फी जमा करायचे. एका राज्यातल्या कंपनीच्या पटावर दुसऱ्या राज्यातले खेळाडू.

मुंबई राज्याचा १९४८चा लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण आणि कर कायदा होता. १९५२मध्ये दुरुस्ती करून राज्याच्या बाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या गेल्या. कंपनी न्यायालयात गेली आणि उच्च न्यायालयात जिंकली. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या घटनापीठाने मुंबई राज्याच्या बाजूने निकाल दिला. कूपन इथे भरले जाते, पैसे इथे जमा होतात, खेळाडू इथला आहे, तेव्हा या राज्याला नियम करण्याचा आणि कर लावण्याचा अधिकार आहे, हा त्या निकालाचा गाभा. शिवाय जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, हेही न्यायालयाने बजावले. अमेरिकी राज्यांनी २०१४च्या करारात जे तत्त्व बसवले, ते भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या खटल्यात ५७ वर्षे आधी मान्य केले होते.

त्याच काळातली दुसरी गोष्ट तर आणखी विसरली गेली आहे. घटनेच्या कलम २५२नुसार दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, तर राज्यांच्या यादीतल्या विषयावरही संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते, आणि इतर राज्ये मागाहून ठराव करून त्यात येऊ शकतात. १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदा असाच जन्मला. ठराव करणाऱ्या राज्यांत मुंबई होते. जुगारवजा स्पर्धेच्या बक्षिसांवर महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा या कायद्याने घातली. राज्यांनी एकत्र यायचे, आपणहून ठराव करायचा आणि सगळीकडे एकच नियम लावायचा, ही पद्धत आपण वापरून पाहिलेली आहे.

तिकिटे परराज्यांची

लॉटरीच्या बाबतीत मात्र आपण त्या वाटेने गेलो नाही. केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राने १९६९मध्ये. मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी, विश्वासाच्या तिकिटाकडे वळावा, हा त्यामागचा एक हेतू होता. दिवाळी बंपरची तिकिटे इथल्या कित्येक घरांच्या सणाचा भाग झाली.

पण शेजारच्या आणि दूरच्या राज्यांचीही तिकिटे ठाण्यात विकायला येऊ लागली. लहान राज्याला स्वतःच्या वस्तीवर लॉटरी पोसणे कठीण, म्हणून गिऱ्हाईक मोठ्या राज्यांत शोधायचे. महाराष्ट्राने त्यांना अटकाव करायचा प्रयत्न केला. १९८४मध्ये एच. अनराज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी लॉटऱ्या हा केंद्राच्या यादीतला विषय आहे, दुसऱ्या राज्याची लॉटरी महाराष्ट्राला आपल्या सरकारी आदेशाने बंद करता येणार नाही. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याने राज्यांना अशी बंदी घालण्याचा अधिकार दिला. पण १९९९मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात न्यायालयाने त्याला अट जोडली. जे राज्य स्वतः लॉटरी चालवत नाही, त्यालाच दुसऱ्याची लॉटरी बंद करता येईल. स्वतःचे तिकीट विकायचे आणि शेजाऱ्याचे अडवायचे, हे चालणार नाही.

महाराष्ट्र या अटीत अडकला. आपली लॉटरी ठेवली की सगळ्यांच्या लॉटऱ्या आल्या. तामिळनाडूने २००३मध्ये आणि कर्नाटकाने २००७मध्ये लॉटऱ्या पूर्ण बंद करून हा पेच सोडवला. महाराष्ट्राने आपली लॉटरी चालू ठेवली. २०००नंतर संगणकावरची लॉटरी आली. सिक्कीम सरकारच्या लॉटरीसाठी एस्सेल समूहाने प्लेविन उभी केली आणि थर्सडे सुपर लोट्टोची सोडत घरोघरी टीव्हीवर दिसू लागली. वेगवेगळ्या राज्यांतल्या दुकानांतून विकलेली तिकिटे एकाच सोडतीत, एकाच फुगत्या जॅकपॉटसाठी. खऱ्या अर्थाने भारतातला हा आंतरराज्य सामाईक पट होता. फक्त राज्यांमध्ये करार नव्हता. सोडत सिक्कीमची, खेळणारा डोंबिवलीचा. त्याचे घर बुडाले तर सिक्कीमने काही पाहायचे नव्हते, आणि महाराष्ट्राला त्या सोडतीच्या नियमांत बोट घालता येत नव्हते.

महाराष्ट्राच्या हाती कराचे हत्यार उरले. २००६मध्ये राज्याने लॉटऱ्यांवर स्वतंत्र कर लावला. असा कर लावण्याचा राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये कर्नाटक विरुद्ध मेघालय या खटल्यात स्पष्टपणे मान्य केला, पण तोवर जीएसटी आला होता आणि तो काळ सरला होता. जवळजवळ चार दशके राज्ये एकमेकांशी बोलली ती वकिलांच्या तोंडून.

नागालँडचा परवाना, चंदगड आणि बेळगाव

ऑनलाइन रमी आणि पोकर आले तेव्हा हाच प्रकार नव्या रूपात झाला. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला होता. कंपन्यांनी या दोन आधारांवर व्यवसाय उभा केला. नागालँडने २०१५मध्ये कौशल्याच्या ऑनलाइन खेळांसाठी परवान्याचा कायदा केला. पोकर आणि रमी त्याच्या यादीत होते. परवाना नागालँडचा, पण देशात जिथे कौशल्याचा खेळ जुगार मानला जात नाही अशा कोणत्याही भागात खेळ पुरवायची मुभा. सिक्कीमने याच्या उलट केले. २००८च्या आपल्या कायद्यात २०१५मध्ये दुरुस्ती करून त्याने हे खेळ राज्याच्या हद्दीतल्या ठरलेल्या जागांपुरते ठेवले.

एकीकडे परवाना पसरत होता, दुसरीकडे राज्ये आपापली दारे लावत होती. तेलंगणाने २०१७मध्ये, आंध्रने २०२०मध्ये पैशांची रमी बंद केली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये पोकर हा नशिबाचा खेळ ठरवला, तर पश्चिम बंगालच्या जुगार कायद्याने पोकरला आधीपासूनच सूट दिलेली. तामिळनाडूचा २०२१चा कायदा न्यायालयात पडला, मग त्यांनी २०२२मध्ये दुसरा केला.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हे सारे चमत्कारिक रीतीने भोगावे लागले. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. बेळगावात खेळणे गुन्हा, आणि तिथून एसटीने थोडे पुढे चंदगडला आले की मोकळीक. फेब्रुवारी २०२२मध्ये उच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि बेळगाव पुन्हा खुले झाले. नांदेड जिल्ह्यात देगलूर-धर्माबादला चालणारी गोष्ट सीमेपलीकडे निजामाबादकडे चालत नव्हती. भाषा एक, नातीगोती एक, सोयरीक दोन्हीकडे. पण दोन भावांपैकी एकाचा डाव कायद्यात आणि दुसऱ्याचा गुन्ह्यात. ही सीमा कोणी एकत्र बसून आखलेली नव्हती.

जीएसटीने यातला अर्धा प्रश्न नकळत सोडवला. १ ऑक्टोबर २०२३पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. जीएसटी हा ज्या ठिकाणी उपभोग होतो तिथला कर आहे, त्यामुळे राज्याचा हिस्सा खेळणाऱ्याच्या राज्याकडे जातो. ठाण्यातल्या खेळाडूचा कर महाराष्ट्राकडे यायला लागला. अमेरिकी करारातली कराची बाजू आपल्याकडे अशी आली. दुसरी बाजू आलीच नाही. कर घेणाऱ्या महाराष्ट्राकडे या खेळांवर देखरेख करणारे कार्यालय नव्हते, आपल्या खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या ठेवायला लावणारा नियम नव्हता, कर्जात बुडालेल्या माणसाचे खाते बंद करायला लावण्याचा अधिकार नव्हता. राज्याला वाटा मिळत होता आणि जबाबदारी नव्हती. माझा सगळ्यांत मोठा आक्षेप यावर आहे. ज्या सरकारने कर घेतला त्याने आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहायला हवे होते.

गोव्याने स्वतःसाठी काय केले

आपल्या माणसाचे रक्षण करायचे हे राज्यांना कळत नाही, असे नाही. गोव्याने १९७६च्या आपल्या जुगार कायद्यात १९९२मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट करून दिली. मांडवीतल्या त्या जहाजांवर महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरातमधले लोक पैसे घेऊन जातात. आणि १ फेब्रुवारी २०२०पासून गोवा सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. बाहेरच्याचा पैसा घ्यायचा आणि घरच्याला दार बंद. गोव्याच्या बाजूने हा विचार समजण्यासारखा आहे. पण कोल्हापूरहून, ठाण्याहून जाणाऱ्याचा विचार मग कोणी करायचा? महाराष्ट्राने १९७६मध्ये स्वतःचा कॅसिनो कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. कॅसिनो नको, हा निर्णय महाराष्ट्राने उघडपणे घेतला, यात शंका नाही. ऑनलाइनच्या बाबतीत तोही घेतला नाही, हे दुखणे आहे.

या सगळ्यांच्या शेजारी एक पट कायम अखंड राहिला, तो बेकायदा खेळाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवरचा आकडा बंद पडल्यावर १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४मध्ये रतन खत्री यांनी दुसरा. कल्याण मटका कल्याण शहराचा नव्हे, तो याच कल्याणजींच्या नावाचा. ओपन-क्लोजचे आकडे टेलिफोनवरून राज्याराज्यांत पोहोचायचे. अलीकडे छत्तीसगडमधून सुरू होऊन दुबईतून चाललेल्या महादेव ॲपने तेच मोबाइलवर केले. राज्यांच्या सीमा त्यांना कधी आडव्या आल्या नाहीत. सीमा आडव्या येतात त्या नियम पाळणाऱ्याला आणि तक्रार घेऊन जाणाऱ्याला. ठाण्यातल्या फसलेल्या माणसाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर कंपनी परदेशात, खाते तिसऱ्याच राज्यातल्या गरजूच्या नावावर. कायदेशीर टेबले उठल्यावर हे अड्डे रिकामे राहतील, असे मानायला मागचा साठ वर्षांचा अनुभव तयार नाही.

पुढे काय

केंद्राच्या २०२५च्या कायद्याला कंपन्यांनी आव्हान दिले आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणे स्वतःकडे घेतली. जुगार हा राज्यांचा विषय असताना संसदेला असा सरसकट कायदा करता येतो का, हाही त्यातला एक मुद्दा. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी महाराष्ट्राची तयारी आजपासून हवी.

बंदी टिकली तर काम संपत नाही. परदेशी अड्ड्यांकडे वळलेल्या माणसाला शोधणारा सायबर पोलीस आणि त्याला सावरणारा दवाखाना, दोन्ही जिल्ह्याच्या पातळीवर लागतील. ठाण्यात १९०१पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, केंद्राची टेलिमानस सेवा १४४१६ क्रमांकावर आहे. जुगाराच्या व्यसनासाठी या दोन्ही जागा आहेत हे लोकलमध्ये, एसटी स्थानकांवर, कारखान्यांच्या दारांवर मोठ्या अक्षरांत लागले पाहिजे. गेली काही वर्षे रमीच्या जाहिराती जितक्या मोठ्या होत्या, तितक्याच मोठ्या अक्षरांत.

आणि बंदी पडली, किंवा उद्याच्या संसदेने ती सैल केली, तर टेबले आठवडाभरात पुन्हा मांडली जातील. त्या वेळी नागालँडच्या परवान्यावर ठाण्याचे खेळाडू बसवायची जुनी पद्धत परत येऊ देता कामा नये. कलम २५२ची वाट उघडी आहे. ज्या राज्यांना खेळ हवा त्यांनी ठराव करावेत. महाराष्ट्राला हवा असेल तर विधिमंडळात दिवसाढवळ्या चर्चा करून ठराव करावा, नको असेल तर नको म्हणावे आणि त्याच्या हद्दीतल्या माणसाला टेबल दिसता कामा नये. हो म्हणायचे असेल तर अटी ठरलेल्या असाव्यात. खेळाडू ज्या राज्यात बसला तिथला कायदा. तिथलाच कर, आणि त्या करातला ठरावीक भाग व्यसनमुक्तीसाठी. ठेवी कंपनीच्या हाताला लागणार नाहीत अशा वेगळ्या खात्यात. दिवसाला आणि महिन्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा, अनेक कंपन्यांच्या ॲपवर मिळून एकच. घरच्यांना तक्रार करता येईल असे कार्यालय राज्यात, मराठीत बोलणारे.

१९५५च्या कायद्याआधी मुंबई राज्याने शब्दकोड्यांसारख्या छोट्या गोष्टीसाठी दुसऱ्या राज्यांबरोबर ठराव केला होता, आणि १९५७मध्ये आपल्या खेळाडूवर आपला अधिकार न्यायालयात सिद्ध केला होता. तो वारसा महाराष्ट्राकडे आलेला आहे. न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता हा विषय विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडण्याची मागणी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मतदारांनी आपापल्या आमदारांकडे नाव घेऊन केली पाहिजे.